आखाडातलं हाड

प्रेमदान चौकात सिग्नल लागला, नितीनने गाडी थांबवली आणि काचेतून समोर बघताना आरतीला स्वतःचंच तोंड दिसलं. भलामोठा फ्लेक्स होता. मधोमध फेटा बांधलेले वैजनाथ दहातोंडे सर, हात जोडून हसणारे, डोक्यामागे कुणा हौशी माणसाने चिकटवलेला पृथ्वीचा गोल, आणि वर सोनेरी अक्षरांत ‘प्राणिशास्त्राच्या भीष्माचार्यांचा पंच्याहत्तरीनिमित्त भव्य नागरी सत्कार’. खाली शुभेच्छुकांचे अंडाकृती फोटो ओळीने लावलेले, त्यात चौथी ती. प्रा. डॉ. आरती साळवे. नणंदेच्या लग्नातला फोटो कुणीतरी फेसबुकवरून उचलून कापला होता. शेजारच्या बाईचं कोपर अजून तिच्या खांद्याला चिकटलेलं होतं. “कुणाला विचारून लावला माझा फोटो?” ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. नितीन म्हणाला, “कल्याणने लावला असेल, आयोजक तोच आहे. आणि चांगला आलाय की.” मागच्या सीटवर तिची आई, बनाबाई, पुढे वाकली. “कुनाचा फोटू हाय?” “माझा, आई.” “आन् त्यो वरचा फेटेवाला?” “तोच तो.” बनाबाईने चष्मा नीट केला आणि सिग्नल सुटेपर्यंत त्या माणसाकडे बघून घेतलं. पंचवीस वर्षं तिने ज्याला शिव्याशाप दिले त्याचं तोंड ती पहिल्यांदाच बघत होती. “चांगला गुटगुटीत हाय की,” ती म्हणाली आणि मागे टेकून बसली.

आरतीने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी दाबून धरली. पर्समध्ये एक प्लास्टिकची डबी होती, डबीत कापसावर हाडाचे दोन तुकडे, एकाला तांबडा दोरा, एकाला निळा. डबीखाली कोर्टातल्या कागदाची एक जुनी नक्कल, घडीच्या जागी फाटायला आलेली. तिचा बेत साधा होता. सरांनीच फोन करून सांगितलं होतं, “आरती बाळ, बाकीचे स्तुती करतील. तू शास्त्रातलं काहीतरी बोल, लोकांना कळू दे आपण काय करतो ते.” तेव्हा ती शास्त्रातलंच बोलणार होती. शे-दोनशे माणसांसमोर सरांच्या हातात हे दोन तुकडे द्यायचे आणि गोड आवाजात विचारायचं, सर, यातलं काळविटाचं कुठलं? सर उजेडाकडे धरून बघतील, ओठ मुडपतील आणि एक उचलतील. तांबडं म्हणोत नाहीतर निळं म्हणोत, फसणारच. कारण दोन्ही बोकडाचीच होती, गेल्या रविवारी नितीनने सर्जेपुऱ्यातून आणलेल्या मटणातली. तिने ती दोनदा उकळली, सोड्याने घासली, गच्चीवर चार दिवस वाळवली. तिसरा तुकडाही होता, तो कावळ्याने पळवला. नितीनने हा सगळा उद्योग बघितला होता. “सोड ना आता,” तो म्हणाला होता. “म्हातारा झालाय माणूस. तुला शिकवलं, नोकरीला शब्द टाकला. आणखी काय पाहिजे?” तिने त्याला सांगितलं होतं की तू तुझं काम कर, तुझ्या बापाला कुणी हरीणचोर म्हटलेलं नाही.

ती अकरा वर्षांची होती. आखाडातला शेवटचा रविवार, उद्यापरवा श्रावण लागणार, म्हणजे कर्जतकडच्या त्या गावात एक घर असं नव्हतं जिथे मटण शिजत नव्हतं. पार वेशीपर्यंत खोबरं-कांदा भाजल्याचा वास पसरलेला. वडील, कचरू भिंगारदिवे, सकाळी कुठूनसा फडक्यात बांधून मटणाचा वाटा घेऊन आले. चार-सहा घरं मिळून एक बोकड कापतात आणि वाटे पाडतात, तसला वाटा. शेजारच्या गावातल्या एकाची विहीर खोदायला गेलो होतो, त्याने खुशीने दिला, असं ते म्हणाले. आईने शिजवलं. आरतीला अजून आठवतं, नळी तिच्या वाटणीला आली होती, ती तिने ताटलीवर आपटून आपटून आतला गर काढला आणि तो खाताना जीभ भाजली. नळी ताटलीतच होती तेव्हा दारात वनखात्याची खाकी कपड्यातली चार माणसं उभी राहिली. ओढ्याला कुणीतरी काळवीट मारून कातडं टाकून गेलं होतं आणि त्यांना संध्याकाळच्या आत माणूस पाहिजे होता. सगळ्या गावात पातेली चुलीवर होती. उचललं फक्त बौद्धवाड्यातल्या एका घरातलं. तिच्या ताटलीतली नळीसुद्धा त्यांनी पिशवीत टाकली. “बोकाड हाय ओ सायेब, बोकाड हाय,” असं वडील म्हणत होते आणि त्यांच्या हाताला रस्सा तसाच होता. हात धुवू दिले नाहीत. हे तिला इतक्या वर्षांनीही सहन होत नाही, बाकी सगळं होतं.

जामिनाला सातबारावाला माणूस लागतो. भिंगारदिव्यांसाठी कोण आपला सातबारा घेऊन कोर्टात उभा राहणार होता? आठ महिने वडील आत राहिले. विहीरवाल्याने कोर्टात हात वर केले, म्हणाला, मी कुणाला वाटाबिटा दिला नाही. भ्याला असेल, किंवा खरंच दिला नसेल. शाळेत पोरं आरतीला ‘ए हरणे’ म्हणून हाक मारायची, आणि मास्तर हसायचे. मग सहा वर्षं तारखा. वडील तारखेला जायचे, झाडाखाली बसायचे, परत यायचे. सातव्या वर्षी काविळीने गेले, आणि आरोपीच मेला म्हणून खटलाही मिटला. ना दोषी, ना निर्दोष. वकिलाने सुतळीने बांधलेले कागद आईच्या हातात दिले, आईने ते पत्र्याच्या पेटीत ठेवले, आणि बारावीच्या सुट्टीत आरतीने ती सुतळी सोडली. त्यात एक टाईप केलेला कागद होता. तज्ज्ञाचा दाखला. त्या एका कागदावर सगळी केस उभी होती. खाली सही आणि शिक्का, नगरच्या एका कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाचा. तिने ते नाव पाठ केलं आणि आईला सांगितलं की मला नगरलाच शिकायचंय. आईला वाटलं पोरीला मोठं व्हायचंय.

पहिल्या दिवशी तिला वाटलं होतं की आजच काहीतरी होईल. सर रजिस्टर उघडून बसले, एकेक नाव घेत आले, “भिंगारदिवे आरती कचरू”. ती उभी राहिली. हजर, सर. आता हा मान वर करेल, आता याला आठवेल. सरांनी टिक केली आणि पुढचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तीन वर्षं त्या माणसाने तिच्या बापाचं नाव स्वतःच्या तोंडाने वाचलं आणि एकदाही अडखळला नाही. लपवत असता तर बरं होतं हो. लपवणाऱ्या माणसाला निदान टोचत तरी असतं. याला काही आठवतच नव्हतं. आणि दुसऱ्या वर्षी एके सकाळी सर फळ्यावर झाड काढायला लागले. प्राण्यांच्या नात्यागोत्याचं झाड, खालून एक खोड, मग फाटे. सर फार सुरेख शिकवायचे, खोटं कशाला बोला. खडूचे मोडून दोन तुकडे करायचे, एक खिशात, एक बोटात. “हा रस्त्याचा फाटा समजा,” ते म्हणाले. “मिरजगावच्या फाट्यावर दोन एसट्या वेगळ्या झाल्या, एक इकडे गेली, एक तिकडे. आता इकडची एसटी तिकडच्या एसटीपासून झाली असं कुणी म्हणेल का? मग माणूस माकडापासून झाला असं का म्हणता? दोघं एका स्टँडवरून निघाले, एवढंच.” वर्ग हसला. मग सर शिंगांवर आले. सांबर, चितळ, ही हरणं; यांची शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा उगवतात. हे मृगकुळ. “आणि आपल्या कर्जतच्या माळावर उड्या मारतं ते काळवीट? गावात सगळे हरीणच म्हणतात. पण ते हरीण नव्हे! त्याचं शिंग एकदा आलं की मरेपर्यंत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, नीलगाय आणि काळवीट, हे सगळं एक कूळ. काळवीट हे शेळीचं चुलत भावंड. दीड-एक कोटी वर्षांमागे फाटा फुटला असेल. हाडं इतकी सारखी की चांगले चांगले फसतात.” आरतीचा पेन वहीवर थांबला. दाखल्यातली ओळ तिला तोंडपाठ होती आणि तिच्यात लिहिलं होतं ‘मृगकुळातील काळवीट’.

म्हणजे याला माहीत होतं. अडाणी असता तर तिने कदाचित सोडूनही दिला असता. ज्या गोष्टीवर हा वर्गात टाळ्या घेतो, तीच गोष्ट दाखल्यात उलटी लिहून खाली सही करतो, याचा अर्थ एकच. वाचलंच नाही. तिच्या ताटलीतल्या नळीकडे या माणसाने ढुंकूनही पाहिलं नाही, कुणीतरी टाईप करून आणलं आणि याने चहा पिता पिता पेन फिरवलं. त्या दिवसापासून तिने मन लावून अभ्यास केला. पहिली आली. सरांनी आपली पुस्तकं दिली, ती घेतली. घरी जेवायला बोलावलं, जेवली. पीएच.डी.ला शब्द टाकला, टाकू दिला. प्रत्येक वेळी ती मनात म्हणायची, दे, आणखी दे, जितकं देशील तितकं तुला जड जाईल. आता ती स्वतः बावीस मैलांवरच्या कॉलेजात शिकवते, आणि परवा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तुम्ही सेम दहातोंडे सरांसारखं शिकवता, आमच्या आत्याने सांगितलं.” आरतीने खाली पाहिलं तर खडूचा एक तुकडा बोटात होता आणि दुसरा पर्समध्ये टाकायला हात निघालेला. तिने त्या मुलीला विनाकारण वर्गाबाहेर काढलं.

पण राग कधी कधी वेगळ्याच ठिकाणी जाऊन बसतो. दाखला ज्याने दिला त्याने नुसतं एक वाक्य लिहिलं असतं, की एवढ्यावरून कळत नाही, तर ती हाडं हैदराबादच्या प्रयोगशाळेत तपासणीला गेली असती. तिथे नक्की कळलं असतं. दाखला मिळाला म्हणून कुणी पाठवली नाहीत, आणि नंतर कोर्टाच्या मालखान्यात घुशींनी ती पिशवी खाल्ली. तेव्हा आता कुणालाच कळणार नाही. मागच्या वर्षी तिने आईला विचारलं होतं, खरं सांग, ते बोकडाचंच होतं ना? आई भाकरी थापत होती. “तुझ्या बापानं आनलं, मी शिजवलं. इचारायचं काय त्यात? चव बोकडाचीच हुती. हरनाची चव कशी आस्ती ते मला कसं ठावं आसंल?” आरतीला ती चव आठवते, मिठाची, भाजलेल्या जिभेची. त्यावरून काही ठरत नाही. बाप खरं बोलत होता की खोटं, हे तिला मरेपर्यंत कळणार नाही, आणि हे न कळणं या हसऱ्या, गुटगुटीत माणसाने तिच्या पदरात टाकलंय. तुरुंगापेक्षासुद्धा याचा तिला जास्त संताप येतो. हे तिने नितीनलाही सांगितलेलं नाही.

हॉल भरला होता. दाराशी गुलाबपाणी, पेढा, सगळं साग्रसंगीत. आई आणि नितीन तिसऱ्या रांगेत बसले, आरतीला वर नेऊन बसवलं, सरांपासून दोन खुर्च्या सोडून. सरांनी लांबूनच हात वर केला, “आलीस बाळ? आई आली का? वा वा.” कल्याण सूत्रसंचालन करत होता, तो सरांचा जुना विद्यार्थी, आता क्लास चालवतो, प्रत्येक वाक्याला शेर म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एक माजी प्राचार्य बोलले, एक डॉक्टर बोलले, सरांनी कशी पिढी घडवली ते बोलले. आरती तळहात पुसत होती. आईकडे बघितलं तर ती पेढा न खाता हातात धरून बसलेली, आणि नजर सरांवर. काल गावाहून येतानाच तिने सांगितलं होतं, “मला काय कळायचं न्हाई तुमचं भाशान. मला निस्तं त्याचं त्वांड बघायचंय, तू त्याला इचारशील तवा.” मग कल्याणने तिचं नाव घेतलं, सरांची मानसकन्या वगैरे म्हणाला, आणि ती उठली.

चार वाक्यं ती चांगली बोलली. कुळाबद्दल, फाट्यांबद्दल, हे झाड मला सरांनीच दाखवलं असं. लोक खूश. मग तिने डबी उघडली आणि दोन तुकडे सरांच्या पुढ्यात टेबलावर ठेवले. “आजचा दिवस सरांचा आहे, म्हणून सरांचीच परीक्षा घेऊ या,” ती म्हणाली. हशा झाला. “सर, हे दोन तुकडे. यातलं काळविटाचं कुठलं?” कल्याणने माईक सरांपुढे धरला. सरांनी चष्मा बदलला. तांबड्या दोऱ्याचा तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, नखाने कड खरवडली. मग निळा. बराच वेळ. उचल, आरती मनात म्हणत होती, उचल थेरड्या, म्हण की हेच. सरांनी दोन्ही तुकडे परत टेबलावर ठेवले आणि हसले. “छे, बाळ,” ते म्हणाले. “दोन्ही टोकं तोडलेली, शिजवलेली नळी आहे ही. शेळी आणि काळवीट इतकी जवळची भावंडं, की एवढ्या तुकड्यावरून कुणालाच सांगता यायचं नाही. सांगता येत नाही, हे सांगायला शिकणं म्हणजे शास्त्र. आणि कुणी छातीठोकपणे सांगत असेल ना, की हे अमुकच आहे, तर तो थापाड्या समजा!” हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. माजी प्राचार्य मान डोलावत होते.

तिचा सापळा रिकामा राहिला होता. पंचवीस वर्षं उशिरा ते वाक्य आलं होतं, पेढ्याच्या आणि टाळ्यांच्या मधोमध, किती सोपं, एका दमात. एवढंसं वाक्य होय रे तुझ्याकडे? आणि हे तू तेव्हा लिहिलं नाहीस? टाळ्या थांबेनात, तसा तिच्या कानशिलात राग चढत गेला आणि मग हात आपोआप पर्समध्ये गेला. तिने नक्कल उघडली आणि वाचायला सुरुवात केली, वर्गात वाचते तशी, स्वच्छ. “आरोपी नामे कचरू लहानू भिंगारदिवे याचे घरातून जप्त केलेली, शिजविलेली हाडे मी समक्ष तपासली असून, ती मृगकुळातील काळवीट या वन्य प्राण्याचीच आहेत, याबाबत कोणतीही शंका नाही.” तारीख वाचली. सहीखालचं नाव वाचलं. मग म्हणाली, “तर मग सर, ही थाप कुणाची?”

कल्याण धावला, “मॅडम, वेळेचं जरा,” पण सरांनी हात करून त्याला थांबवलं. त्यांनी कागद घेतला आणि वाचला. बहुतेक पहिल्यांदाच वाचला. “सही माझी आहे,” ते म्हणाले. माईक अजून चालूच होता. “हे वनखात्याच्या लोकांनीच टाईप करून आणलेलं. पेपर तपासणी चालू होती माझी, त्यांना घाई होती.” “हाडं बघितली होती, सर?” “पिशवी होती टेबलावर.” “उघडली होती?” सरांनी मान हलवली, नाही म्हणून. “निदान कागद वाचला असता तर मृगकूळ तरी खोडलं असतंत,” आरती म्हणाली. “आम्ही दुसऱ्या वर्षाला असं लिहिलं तर तुम्ही शून्य द्यायचात.” मागे कुणीतरी हसलं. सर कागदाकडेच बघत होते. “कोण हे कचरू?” त्यांनी विचारलं. आरतीने तोंड उघडायच्या आत तिसऱ्या रांगेत बनाबाई उभी राहिली होती. “माझा मालक,” ती म्हणाली. तिला माईकची गरज नव्हती. “आठ म्हैनं आत घातला त्याला तुमी. सा वर्सं तारका केल्या त्यानं. खंगून खंगून मेला. आन् ही त्याची ल्येक हाय, तुमची इद्यार्थीन.”

सर उठले. फेटा थोडा कलला होता. डोळ्यांत पाणी आलेलं सगळ्यांना दिसत होतं, आणि ते खरं पाणी होतं, आरतीला त्याबद्दल वाद घालायचा नाही. “ताई,” ते म्हणाले, “फार मोठं पाप झालं माझ्या हातून. मला बोलायला तोंड नाही. पण एक करतो. आत्ता, या सगळ्यांच्या देखत लिहून देतो. तुमचे मालक निर्दोष होते. ते हाड बोकडाचंच होतं.” कुणीतरी कोरा कागद पुढे केला. सर टेबलावर वाकून लिहायला लागले. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या, आणि बनाबाई मान उंच करून त्या हलणाऱ्या पेनाकडे बघत होती. आरतीला कळत होतं काय चाललंय. ती थांबवू शकली असती. सर, नका लिहू, एवढे दोन शब्द. पण तिने लिहू दिलं, सही होऊ दिली, तारीख टाकू दिली, आणि मगच कागद उचलून माईकसमोर धरला. “‘सदर हाड हे बोकडाचेच होते, याबद्दल माझ्या मनात कोणतीही शंका नाही,’” तिने वाचलं. “बघा मंडळी. पाच मिनिटांपूर्वी सर म्हणाले, कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा पिशवी न उघडता काळवीट केलं. आज पिशवीच राहिली नाही, तर बोकड केलं. एका हाडाची दोन जनावरं केली, सर, आणि ते हाड तुम्ही जन्मात पाहिलेलं नाही. दोन्ही कागद खोटे आहेत.” मागच्या रांगेतून एक पोरगा स्पष्ट म्हणाला, “थापाड्या.” कुणी त्याला दाबलं नाही. सर खाली बसले, आणि खुर्ची कुठे आहे हे न बघता बसल्यामुळे कल्याणला त्यांना धरावं लागलं. त्यांच्या तोंडावर जे काही होतं ते आरतीने नीट, सावकाश बघून घेतलं. गोड लागलं तिला. तिने स्वतःला खोटं सांगितलं नाही, फार गोड लागलं.

दोन्ही कागद टेबलावर टाकून ती पायऱ्या उतरली. नितीन गाडीची किल्ली हातात घेऊन उभाच होता. “चल आई,” ती म्हणाली. बनाबाई हलली नाही. “त्यो कागुद कुटं हाय?” “कुठला?” “आता लिवला त्यो. बोकडाचा.” “राहू दे, आई. खोटा आहे तो. सांगितलं ना मी सगळ्यांना.” “व्हय, ऐकलं की मी. दोन्हीबी खोटं म्हनलीस तू.” बनाबाई तिच्याकडे बघत होती, मघाशी फ्लेक्सकडे बघत होती तसंच. “मंग तुझ्या बापाचं काय ठरलं?” आरतीजवळचं सगळं वर, माईकवर, खर्चून झालं होतं. बनाबाईने मूठ उघडून पेढा खुर्चीवर ठेवला, चपला तिथेच काढल्या आणि स्टेजच्या पायऱ्या चढून गेली. सरांकडे तिने बघितलंसुद्धा नाही. टेबलावरून हाताने लिहिलेला कागद घेतला, चार घड्या केल्या, पोलक्यात ठेवला आणि खाली आली. चपला घातल्या. “एका खोट्यानं त्याला आत घातलं,” ती म्हणाली. “ह्ये खोटं आता माझ्याकडं ऱ्हाऊ दे. उद्याच्याला गावात चावडीम्होरं तू ह्ये वाचून दाखवायचं. मला वाचाया येत न्हाई, आन् दुसऱ्या कुनाच्या वाचन्यावर त्यांचा इस्वास बसायचा न्हाई. तू मास्तरीन हायस, तुझं ऐकत्याल.”

“आई, मी कसं…”

“बोकडाचंच व्हतं म्हनून सांग. शंका न्हाई म्हनून सांग, त्यानं लिवलंय तसं. आन् अडखळू नगंस.”

“सांगते,” आरती म्हणाली.